अक्षराखाली अक्षर

सप्टेंबर संपत आला की पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अक्षरजुळणीच्या लहान लहान कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे दिसतात. दिवाळी अंकांची पानं लागत असतात. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. शिशाचे खिळे गेले, ब्रोमाइड गेलं, पण दसऱ्याच्या आत निम्मे फर्मे छापखान्यात गेले पाहिजेत ही घाई तशीच आहे. अशाच एका कार्यालयात, जिन्याच्या डोक्यावरच्या खोलीत, वीस वर्षं पानं लावणाऱ्या एका बाईंचा संगणक ऐन हंगामात रुसून बसला.

सगळे त्यांना ताई म्हणतात. हात इतका बसलेला, की मजकूर ओतायच्या आधीच कोणत्या पानावर एक ओळ उरणार हे त्यांना दिसतं. पण गेले काही आठवडे सेव्ह केलं की पडद्यावर निळं चक्र फिरू लागायचं आणि फिरतच राहायचं. आधी मिनिटभर, मग तीन-तीन मिनिटं. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायचं, माउसचा बाण झटके खात सरकायचा. ताईंनी नकळत सवय लावून घेतली: सेव्ह मारायचं आणि उठून पाणी पिऊन यायचं.

निदान प्रत्येकाकडे तयार होतं. मालकांना वाटलं, रॅम कमी पडते. प्रूफं वाचणारे काका म्हणाले, एवढ्या खिडक्या एकदम उघड्या ठेवायच्या कशाला. हार्डवेअरचा मुलगा आला, दोन बटणं दाबून म्हणाला, “ताई, व्हायरस आहे. फॉरमॅट मारू या.” फॉरमॅट म्हणजे दोन दिवस गेले. फॉन्ट पुन्हा घाला, त्यांचे परवाने पुन्हा जागे करा, प्रिंटर पुन्हा ओळखीचा करा. ताई म्हणाल्या, “दिवाळीनंतर मार.”

मग त्यांनी एक साधं काम केलं, आणि खरं निदान तिथूनच सुरू झालं. रद्दीतल्या एका प्रूफाच्या पाठकोऱ्या कागदावर वेळा लिहायला घेतल्या. ‘सकाळी १०.१५ ते ११, जवळपास बंद. जेवणानंतर बरा. मोठी फाइल सेव्ह केल्यावर तीन मिनिटं. लहान फाइलीला काही नाही.’ चौथ्या दिवशीची नोंद अशी होती: ‘दुपारी रस्ता खोदताना केबल तुटली. इंटरनेट नाही. दुपारभर मशीन पळालं.’

संगणक मंद झाल्यावर आपण त्याला वयस्कर किंवा आजारी समजतो. ताईंच्या कागदावरून दिसत होतं ते वेगळंच. यंत्र कुणाचं तरी दुसरं काम करत होतं, आणि ते काम इंटरनेटशी बांधलेलं होतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. बहुतेक जण त्यात प्रोसेसरचा रकाना पाहतात, आणि तो १५-२० टक्क्यांवर दिसला की गोंधळतात. ताईंच्या भाच्याने फोनवरून सांगितलं, “मावशी, डिस्कच्या रकान्यावर टिचकी मार.” डिस्क १०० टक्के होती. यादीच्या डोक्यावर तीन नावं आळीपाळीने येत होती: क्लाउड स्टोरेजचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस आणि विंडोजची शोधसूची बनवणारी प्रक्रिया. भाचा म्हणाला, “आता क्लाउडवाल्याला तासभर पॉज कर.” पाच मिनिटांत यंत्र शांत झालं. त्या दुपारी बारा पानं लागली.

पॉज हा इलाज नव्हता. क्लाउडचं ते फोल्डर २०२०च्या टाळेबंदीत बसवलं होतं, कारण संपादक कोथरूडला घरी, मुखपृष्ठाचा चित्रकार कोल्हापुरात आणि एक लेखिका अमेरिकेत. त्या फोल्डरमुळेच त्या वर्षीचा अंक निघाला. ज्याच्यामुळे अंक निघाला त्याच्यामुळेच आता अंक अडत असेल, तर ते नेमकं करतं काय, हे समजून घेणं भाग होतं.

ड्रॉपबॉक्सची जन्मकथा बरीच सांगितली जाते. ड्र्यू ह्यूस्टन हा तरुण बोस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला आणि पेनड्राइव्ह घरी विसरला. त्या प्रवासातच त्याने प्रोग्रॅम लिहायला घेतला. २००७ साली अराश फिरदौसी याच्यासोबत त्याने कंपनी काढली. मायक्रोसॉफ्टची सेवाही त्याच वर्षीची, पुढे तिचं नाव स्कायड्राइव्ह झालं आणि २०१४मध्ये वनड्राइव्ह. गूगल ड्राइव्ह एप्रिल २०१२चं. सगळ्यांचं वचन एकच: इथे बदललंत की तिथे बदलेल. वापरणाऱ्याला हे वचन हवेतलं, ढगातलं वाटतं. ते पाळलं जातं मात्र आपल्याच टेबलाखालच्या पेटीत, आपल्याच डिस्कवर, आपल्याच विजेवर.

दोन प्रती एकसारख्या ठेवायच्या तर त्या सतत ताडून पाहाव्या लागतात. ते करायची एक रीत अशी: फाइलीचे ठरावीक मापाचे तुकडे करायचे, ड्रॉपबॉक्समध्ये हा तुकडा ४ मेगाबाइटचा असतो, आणि प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक खूण काढायची. तुकड्यात एक अनुस्वार बदलला तरी खूण पार बदलते. इकडच्या खुणा आणि तिकडच्या खुणा ताडायच्या, जुळत नसतील तेवढेच तुकडे पाठवायचे. पण खुणा काढण्यासाठी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. चारशे मेगाबाइटच्या अंकात ताईंनी एक स्वल्पविराम काढला, तरी शंभर तुकडे पुन्हा वाचून पाहायचे. शिवाय ठरावीक मापाच्या तुकड्यांत एक अडचण असते. सुरुवातीलाच एक अक्षर घुसलं की पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि सगळे तुकडे नवे वाटतात. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६मध्ये ‘आरसिंक’ लिहिलं ते याच अडचणीवर. मोजमापाची चौकट एकेक घर पुढे सरकवत, सरकलेला मजकूरही ओळखून काढायची त्यांची युक्ती आजही वापरात आहे.

पुण्यातल्या वाचकाला हे वाचताना भांडारकर संस्थेची आठवण व्हावी. १९१९मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, १९२५पासून वि. स. सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते, आणि ते पुरं झालं १९६६ला. १,२५९ हस्तलिखितं ताडली गेली. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत छापील श्लोक अक्षर-अक्षर सुटं करून लिहायचा आणि त्याच्याखाली प्रत्येक पोथीतला फरक त्या त्या अक्षराच्या घरात भरायचा. अक्षराखाली अक्षर. शास्त्रीबुवा आणि पदवीधर शेजारी बसून हे वर्षानुवर्षं करत होते. त्याआधी सव्वातीनशेहून अधिक वर्षं, शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण नकला करता करता पाठ बिघडले होते. प्रती वाढल्या की त्या एकमेकींपासून दुरावतात, आणि त्यांना पुन्हा जवळ आणायला कुणाला तरी बसून मेहनत करावी लागते. ताईंच्या टेबलाखाली ती मेहनत चालू होती. तिची किंमत त्या यंत्राला परवडत नव्हती, एवढंच.

का परवडत नव्हती, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. त्या संगणकात जुन्या धर्तीची फिरती डिस्क होती, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची. म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. क्लाउडच्या फोल्डरमध्ये मालकांनी उत्साहाने वीस वर्षांचं सगळं जुनं काम ओतलं होतं: जुने अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, हजारो छायाचित्रं. फाइली दोन लाखांच्या घरात. सकाळी यंत्र सुरू झालं की सॉफ्टवेअर आपल्या नोंदवहीशी प्रत्येक फाइल ताडून पाहणार, रात्रीतून काही बदललं का. एका फाइलीमागे डिस्कची एकच फेरी धरली तरी दोन लाख फेऱ्यांना २८ मिनिटं होतात. डिस्कचं डोकं एका वर्तुळावरून दुसऱ्यावर न्यायला लागणारा वेळ वेगळाच. ताईंच्या नोंदीतला ‘१०.१५ ते ११’ हा पाऊण तास या ढोबळ हिशेबात बरोबर बसतो. मायक्रोसॉफ्टही वनड्राइव्हच्या बाबतीत ३ लाखांहून जास्त फाइली सिंक करू नयेत असं सुचवते. ती मर्यादा ठरवताना ताईंच्या कार्यालयातली फिरती डिस्क कुणाच्या डोळ्यांसमोर असेल असं वाटत नाही.

दिवसभर मात्र सगळ्या फाइली मोजाव्या लागत नाहीत. फाइल बदलली की ऑपरेटिंग सिस्टिमच सॉफ्टवेअरला निरोप देते. पण या निरोपांना ठेवायला जागा मोजकी असते. जाहिरातींच्या छायाचित्रांचं एखादं भलं मोठं फोल्डर एका दमात ओतलं की ती जागा भरते, निरोप गळतात, आणि काय गळलं ते कळायला मार्ग नसल्याने सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसतं. त्यातच ताईंनी सेव्ह केलेली प्रत्येक फाइल अँटिव्हायरस उघडून पाहणार, शोधसूचीवाला वाचणार, क्लाउडवाला वाचणार. एका सेव्हमागे तीन वाचक, आणि डिस्कचं डोकं एकच.

इंटरनेटचीही एक बाजू आहे. जुन्या तांब्याच्या तारांवरच्या ब्रॉडबँडमध्ये वर पाठवण्याचा वेग खाली उतरवण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. मोठी फाइल वर जायला लागली की मोडेममध्ये रांग साचते, आणि खाली येणाऱ्या मजकुराच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात. जिम गेटिस या अभियंत्याने २०१०च्या सुमारास आपल्या घरच्या जोडणीवर हा प्रकार धुंडाळून काढला आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. मालकांचा व्हिडिओ कॉल का तुटतो, याचं उत्तरही इथेच होतं. क्लाउडच्या सेटिंगमध्ये वर पाठवण्याच्या वेगाला लगाम घातला की फाइल पोचायला वेळ लागतो, पण बाकीच्यांचा रस्ता मोकळा राहतो. ही सोय बहुतेक सॉफ्टवेअरांत असते आणि फार थोडे लोक ती उघडून पाहतात.

शोध घेता घेता दोन खास अपराधी सापडले. पहिली, मेलच्या प्रोग्रॅमची साठवणीची फाइल. अनेक जीबींची, आणि एक मेल आला तरी बदलणारी. ती कुणीतरी सुरक्षित राहावी म्हणून क्लाउडमध्ये ठेवली होती. दुसरी, चित्रकाराने आपल्या मॅकवरून पाठवलेली ‘मुखपृष्ठ अंतिम?’ नावाची. विंडोजला फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. त्यामुळे ती फाइल कधीच उतरत नव्हती, आणि सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिलं होतं. कोपऱ्यातल्या चिन्हावर लाल खूण होती. इतके दिवस ती दिसत होती, पण ती उघडून वाचायचं असतं हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिसरी गोष्ट जरा वेगळी, आणि ती मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी. ‘वाऱ्यावर’ या शब्दाने सुरू होणारं एका सदराचं फोल्डर होतं. तशीच दोन फोल्डरं शेजारी शेजारी, नाव अगदी एकसारखं. विंडोज एका जागी एका नावाची दोन फोल्डरं राहू देत नाही, मग ही कशी राहिली? ‘वाऱ्यावर’मधला तो अर्धा ऱ युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून. र, नुक्ता आणि हलन्त असं सुटं करून. किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक टाकून. डोळ्याला तिन्ही सारखेच. संगणकाला ती तीन वेगळी नावं. ॲपलची जुनी फाइलव्यवस्था तर नावातलं ऱ स्वतःहून सुटं करून ठेवत असे. पहिल्या दोन रीतींमधला फरक सांधायचे नियम युनिकोडने घालून दिले आहेत आणि बरीच सॉफ्टवेअरं ते पाळतात. जोडकाचा फरक मात्र त्या नियमांत सांधला जात नाही. कीबोर्ड बदलला, की दिसायला तोच असलेला शब्द आतून दुसराच होतो. तीच छायाचित्रं दोन्ही फोल्डरांत, दोनदा वाचली जात होती, दोनदा वर जात होती.

देवनागरी नावांचं वजनही जास्त असतं. ‘क्षितिज’ डोळ्याला तीन अक्षरांचा शब्द. युनिकोडमध्ये त्याची सात चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाला तीन याप्रमाणे २१ बाइट. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं. लांबलचक लेखाचं संपूर्ण शीर्षक फाइलीला देणाऱ्यांची नावं कार्यालयातल्या सामायिक साठवणपेटीवर याचमुळे अडतात. म्हणून नाव इंग्रजीत द्या, असं मात्र म्हणू नये. आपल्या लेखाची फाइल आपल्या लिपीत ओळखू येणं ही साधी, रास्त अपेक्षा आहे. ती पुरी करणं हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं काम आहे.

दुरुस्तीच्या दिवशी हार्डवेअरचा मुलगा पुन्हा आला. कारण कळल्यावर त्याने चटकन उपाय सांगितला, “मग हे जुनं सगळं डिलीट मारू. वरती क्लाउडमध्ये आहेच.” त्याचं बोट डिलीटच्या कळेवर होतं. ताईंनी त्याचा हात धरला.

हा क्षण अनेक कार्यालयांत येतो आणि तिथे नेहमीच कुणी हात धरत नाही. सिंक म्हणजे आरसा आहे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. कचरापेटीत गेलेलं गूगल ड्राइव्हवर ३० दिवस राहतं, वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात ३० आणि कार्यालयीन खात्यात सहसा ९३ दिवस. त्यानंतर लक्षात आलं तर वीस वर्षांचं काम परत आणायला जागा उरत नाही. स्थानिक जागा मोकळी करून फाइल फक्त वरती ठेवायची असेल तर त्यासाठी वेगळी आज्ञा असते. २०१७मध्ये विंडोज १०मध्ये वनड्राइव्हला ती सोय आली, इतरांकडेही ती निरनिराळ्या नावांनी आहे. डिलीट आणि ‘जागा मोकळी करा’ या दोन आज्ञा एकाच यादीत थोड्या अंतराने असतात. त्यांतला फरक यंत्र विकताना, सॉफ्टवेअर बसवून देताना, पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

मग कामं रीतसर झाली. जुनं सगळं आधी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, उघडून पाहिलं, आणि नंतरच सिंकच्या फोल्डरबाहेर काढलं. मेलची फाइल तिच्या मूळ जागी गेली. चित्रकाराला फोन करून प्रश्नचिन्ह काढायला लावलं. ‘वाऱ्यावर’ची दोन फोल्डरं एक झाली. चालू अंकाची पानं आता संगणकाच्या साध्या फोल्डरमध्ये लागतात आणि संध्याकाळी निघताना त्यांची प्रत क्लाउडमध्ये जाते. ‘सेव्ह’ऐवजी अधूनमधून ‘सेव्ह ॲज’ केलं की फुगलेली फाइल बारीक होते, हे ताईंना आधीपासूनच माहीत होतं. अँटिव्हायरस बंद करायची सूचना त्यांनी ऐकली नाही, आणि बरोबर केलं. बाहेरून इतके लोक फाइली पाठवत असताना ते दार उघडं ठेवणं धोक्याचं. दिवाळीनंतर मालकांनी फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवायचं कबूल केलं. तिच्यात फिरणारं चाक नाही, सरकणारं डोकं नाही.

राहिली एक फाइल. अमेरिकेतल्या लेखिकेने तिच्या रात्री आपल्या लेखात भर घातली होती. त्याच वेळी इथे सकाळी ताई त्याच लेखात दुरुस्त्या भरत होत्या. सॉफ्टवेअरला दोन्ही बदल दिसले, कोणता खरा ते ठरवता आलं नाही, म्हणून त्याने दोन्ही ठेवले, एकाच्या नावापुढे संगणकाचं नाव आणि तारीख जोडून. ड्रॉपबॉक्स अशा फाइलीला ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ म्हणतं. मराठीत त्याला जुना शब्द आहे, पाठभेद. सॉफ्टवेअरचा हा संयम चांगला आहे. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीचा निर्णय न घेता त्याने ती माणसाकडे सोपवली.

रात्री साडेआठला दोन्ही प्रती छापून घेतल्या. काकांनी चष्मा लावला, एक कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ताई दुसऱ्या कागदावर पेन्सिल फिरवत ऐकू लागल्या. तिसऱ्या परिच्छेदात लेखिकेने आईच्या हातच्या लोणच्याची चार वाक्यं घातली होती, ती ताईंच्या प्रतीत नव्हती. “हे घ्यायचं ना?” काकांनी विचारलं. ताईंनी पानावरची उरलेली जागा नजरेने मोजली. “घ्या,” त्या म्हणाल्या, “तिसऱ्या ओळीत ‘बरणी’ दीर्घ आहे का तेवढं बघा, आणि पुढे वाचा.”